स्क्रिप्ट चालतेय, मग बदलायची कशाला?

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला अ‍ॅन्सिबलबद्दल सांगायला गेलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “माझी शेल स्क्रिप्ट चालतेय. तीच कामं पुन्हा दुसऱ्या पद्धतीने लिहून मला काय मिळणार?” प्रश्न रास्त आहे. चालत्या गाडीला उगाच कोण खीळ घालेल? पण उत्तर देण्याआधी ‘चालते’ म्हणजे काय, ते नीट विचारायला हवं. एकदाच चालते की पाचव्यांदाही? कोऱ्या सर्व्हरवर चालते की अर्धवट सेट झालेल्यावरही? या प्रकरणात आपण आठ ओळींची एक साधी स्क्रिप्ट घेऊ आणि एकेक ओळ करत ती अ‍ॅन्सिबलच्या टास्कमध्ये बदलू.

१. शेल स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी

आपण टाइप केलेला हुकूम ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. तेच हुकूम एका फाइलीत एकाखाली एक लिहिले, की झाली शेल स्क्रिप्ट. बेल लॅब्जमध्ये स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्याच वळणाचा, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये आला आणि लिनक्सच्या जगात तो घरोघरी पोचला. इतकी वर्षं ही पद्धत टिकली, कारण ती शिकायला सोपी आहे : हाताने जे टाइप केलं असतं, तेच फाइलीत लिहायचं.

स्क्रिप्टचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवायचा. ती वरून खाली चालत जाते आणि एखादा हुकूम फसला तरी, ‘चूक झाली की थांब’ असं तिला बजावलेलं नसेल तर, खुशाल पुढच्या ओळीवर जाते. मशीन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

२. आपली आठ ओळींची स्क्रिप्ट

समजा, उबुंटूच्या सर्व्हरवर एक वेबसाइट उभी करायची आहे. स्क्रिप्टमधले हुकूम मराठीत मांडले तर असे :

१) पॅकेजची यादी ताजी कर आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसव.
२) ‘वेबअ‍ॅप’ नावाचा यूजर तयार कर.
३) साइटसाठी फोल्डर तयार कर आणि ते वेबअ‍ॅपच्या मालकीचं कर.
४) एन्जिनएक्सची कॉन्फिग फाइल लिही.
५) एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘सेड’ वापरून रूटचं लॉगिन बंद कर.
६) रात्री २ वाजताच्या बॅकअपची ओळ क्रॉनटॅबच्या शेवटी जोड.
७) अ‍ॅपचा इन्स्टॉलर चालव, तो डेटाबेसमधली टेबलं तयार करतो.
८) एन्जिनएक्स आणि एसएसएच रिस्टार्ट कर.

कोऱ्या सर्व्हरवर ही स्क्रिप्ट बिनबोभाट चालेल. आता ती त्याच सर्व्हरवर दुसऱ्यांदा चालवून पाहू.

पहिली ओळ निभावून नेते. पॅकेज आधीच आहे, एवढंच सांगून पुढे जाते. दुसरी ओळ एरर देते, कारण यूजर आधीच आहे. तिसरीत फोल्डर करण्याचा हुकूम साधा असेल, तर तोही कुरकुरतो. चौथी ओळ फाइल पुन्हा लिहिते. मधल्या काळात कुणी हाताने काही दुरुस्ती केली असेल, तर ती गेली आणि गेली हे कळतही नाही.

सहावी ओळ तर न बोलता घात करते. ‘शेवटी जोड’ म्हटल्यावर ती दर वेळी जोडतेच. स्क्रिप्ट चारदा चालली, तर क्रॉनटॅबमध्ये त्याच ओळी चार, आणि रात्री २ वाजता चार बॅकअप एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात. सातवी ओळ टेबलं पुन्हा करायला जाते; इन्स्टॉलर सावध असेल तर एरर देतो, बेसावध असेल तर जुना डेटा पुसतो. आणि आठवी ओळ, काहीही बदललेलं नसताना, चालू सेवा बंद करून पुन्हा सुरू करते.

पाचवी ओळ वेगळीच गंमत करते. ‘सेड’ शब्द शोधतो आणि बदलतो. पण शोधलेलं सापडलं नाही, तरी तो ‘काम झालं’ असंच कळवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ७.० मध्ये रूट लॉगिनचं मूळ मूल्य ‘यस’ बदलून ‘पासवर्डने मनाई’ या अर्थाचं झालं. त्यामुळे जुन्या ‘यस’च्या ओळीचा शोध घेणारी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर काहीच न बदलता यशस्वी ठरू शकते. मालक समजतो दार बंद आहे. प्रत्यक्षात पासवर्ड चालत नसला, तरी चावीने रूट अजून आत येऊ शकतो.

३. मोटर चालवायची की टाकी भरलेली ठेवायची?

सोसायटीच्या वॉचमनला ‘रोज सकाळी वीस मिनिटं मोटर चालव’ असं सांगितलं, तर टाकी आधीच भरलेली असली तरी तो वीस मिनिटं मोटर चालवणार आणि गच्चीवरून पाणी वाहणार. उलट एखाद्या दिवशी टाकी पार रिकामी असेल, तर वीस मिनिटं पुरणारच नाहीत. टाकीतल्या बॉलकॉकला मात्र मिनिटं ठाऊक नसतात, पातळी ठाऊक असते. पाणी खाली असेल तर तो उघडतो, पातळी गाठली की बंद होतो, आणि भरलेल्या टाकीत काहीच करत नाही.

स्क्रिप्टची ओळ ‘काय कर’ ते सांगते, अ‍ॅन्सिबलचा टास्क ‘काय असायला हवं’ ते सांगतो. एकदा केलं काय किंवा दहादा केलं काय, शेवट तोच, अशा कामाला या क्षेत्रात ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. पुढचं सगळं प्रकरण याच एका गुणावर उभं आहे.

म्हणून स्क्रिप्ट बदलताना ओळीचं भाषांतर करायचं नसतं. दर ओळीला एकच प्रश्न विचारायचा : ही ओळ संपल्यावर मशीनवर काय खरं असायला हवं? जे उत्तर येईल, तो टास्क.

४. हा विचार आला कुठून?

नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये सीएफएंजिन नावाचं साधन लिहिलं. यंत्राने कोणत्या अवस्थेत असावं ते लिहून ठेवायचं आणि साधनाने त्याला त्या अवस्थेकडे ओढत आणायचं, ही कल्पना तिथे रुजली. त्यानंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल आलं. २०१५ मध्ये रेड हॅटने अ‍ॅन्सिबलची कंपनी विकत घेतली.

स्क्रिप्टवाल्यांना यांतलं अ‍ॅन्सिबल जवळचं वाटतं, त्याला कारण आहे. पपेट किंवा शेफमध्ये सहसा दर सर्व्हरवर एक एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागतो. अ‍ॅन्सिबल साध्या एसएसएचने आत जातं, पायथॉनमधला छोटा प्रोग्रॅम तिकडे पाठवतं, तो चालवतं, निकाल घेतं आणि प्रोग्रॅम पुसून बाहेर पडतं. समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथॉन असलं, की झालं. शिवाय टास्क वरून खाली क्रमानेच चालतात, त्यामुळे स्क्रिप्टची सवय मोडावी लागत नाही.

चार शब्द इथेच समजून घेऊ. कोणकोणते सर्व्हर आहेत त्यांची यादी म्हणजे इन्व्हेंटरी. एक काम म्हणजे टास्क. ते काम प्रत्यक्षात करणारा तयार प्रोग्रॅम म्हणजे मॉड्यूल. आणि टास्क ओळीने मांडलेली फाइल म्हणजे प्लेबुक. ती यॅमल नावाच्या, इंडेंटेशनवर चालणाऱ्या लेखनपद्धतीत लिहितात.

५. ओळीमागून ओळ

दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांत सोपी आहे. ओळ संपल्यावर काय खरं असायला हवं? ‘वेबअ‍ॅप’ नावाचा यूजर असायला हवा. टास्क असा होतो (प्रत्यक्ष फाइलीत कीवर्ड इंग्रजीत असतात, इथे ते मराठीत मांडले आहेत) :

नाव : वेबअ‍ॅप यूजर असावा
मॉड्यूल : यूजर
– यूजरचं नाव : वेबअ‍ॅप
– स्थिती : हजर

‘तयार कर’ हा शब्दच गेला. यूजर नसेल तर मॉड्यूल तयार करतं आणि ‘चेंज्ड’ असं कळवतं. असेल तर ‘ओके’ म्हणून पुढे जातं. पहिल्या ओळीतलं पॅकेज ‘एप्ट’ मॉड्यूलकडे जातं. तिथेही स्थिती ‘हजर’. शिवाय पॅकेजची यादी तासाभरापेक्षा जुनी असेल तरच ताजी कर, अशी अट घालता येते. तिसरी ओळ ‘फाइल’ मॉड्यूलकडे : या जागी फोल्डर असावं, मालक हा, परवानगी ही. स्क्रिप्टमध्ये यासाठी तीन हुकूम लागले असते, इथे एक टास्क पुरतो.

चौथ्या ओळीत स्क्रिप्टने कॉन्फिग फाइलचा मजकूर स्वतःच्या पोटात ठेवला होता. तो बाहेर काढून ‘टेम्पलेट’ करायचं. टेम्पलेट म्हणजे मधे रिकाम्या जागा असलेली फाइल. साइटचं नाव, पोर्ट यांसारख्या बदलणाऱ्या गोष्टींच्या जागी व्हेरिएबल लिहायचं. दर सर्व्हरचं मूल्य वेगळं असेल तर ते इन्व्हेंटरीत ठेवायचं. कुणी हाताने फाइल बदलली असेल, तर पुढच्या वेळी ती ‘चेंज्ड’ म्हणून डोळ्यांसमोर येते. बदल तरीही पुसला जातो, पण आता गुपचूप नाही.

पाचवी ओळ ‘लाइनइनफाइल’ मॉड्यूलकडे जाते. या फाइलीत ही ओळ अशी असावी, एवढंच त्याला सांगायचं. जुनी ओळ सापडली तर ते बदलतं, नाही सापडली तर नवी घालतं. ‘सेड’सारखं हात झटकून मोकळं होत नाही. आणखी एक सोय आहे : नवी फाइल जागेवर ठेवण्याआधी ती एसएसएचकडून तपासून घेता येते. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये एक अक्षर चुकलं, तर पुढच्या रिस्टार्टला आपणच बाहेर राहू शकतो, म्हणून इथे ही तपासणी टाळू नये.

सहावी ओळ ‘क्रॉन’ मॉड्यूलकडे. हे मॉड्यूल दर नोंदीच्या वर तिच्या नावाची एक कमेंट लिहितं आणि पुढच्या वेळी त्या नावावरून नोंद ओळखतं. त्यामुळे कितीही वेळा चालवलं तरी बॅकअपची ओळ एकच राहते. नाव मात्र मध्येच बदलायचं नाही. बदललं, की मॉड्यूल तिला नवी नोंद समजतं.

६. बदल झाला तरच रिस्टार्ट

आठवी ओळ सरसकट रिस्टार्ट करत होती. आपल्याला खरं तर ‘कॉन्फिग बदलली असेल तरच’ म्हणायचं आहे. त्यासाठी हँडलर असतो. हँडलर हाही टास्कच. पण तो बोलावल्याशिवाय येत नाही. टेम्पलेटच्या टास्कमध्ये ‘बदल झाला तर एन्जिनएक्स रिस्टार्टला कळव’ असं लिहायचं. तीन टास्कनी कळवलं तरी हँडलर शेवटी एकदाच चालतो, आणि कुणीच कळवलं नाही तर चालतच नाही.

यात एक मेख आहे. समजा, टेम्पलेट बदललं, हँडलरला निरोप गेला, आणि मधलाच कुठलातरी टास्क फसला. अ‍ॅन्सिबल त्या सर्व्हरपुरतं तिथेच थांबतं, आणि हँडलरची पाळी येत नाही. चूक दुरुस्त करून पुन्हा चालवलं, तर टेम्पलेट आता ‘ओके’ असतं, म्हणून निरोपच जात नाही. नवी फाइल डिस्कवर, जुनी सेटिंग मेमरीत. यावर दोन उपाय आहेत : चूक झाली तरी हँडलर चालवण्याची सेटिंग सुरू ठेवणं, किंवा साठलेले हँडलर महत्त्वाच्या टप्प्यावर लगेच चालवून घेणं.

७. मॉड्यूलमध्ये न बसणारी ओळ

उरली सातवी ओळ. अ‍ॅपच्या इन्स्टॉलरसाठी तयार मॉड्यूल कुठून असणार? अशा वेळी ‘कमांड’ किंवा ‘शेल’ मॉड्यूल वापरतात. कमांड हुकूम थेट चालवतं. त्याला पाइप, > किंवा >> कळत नाहीत. ते हवे असतील तरच शेल वापरायचं.

इथे काळजी घ्यायची, कारण हुकूम आत काय करतो हे अ‍ॅन्सिबलला दिसत नाही. ते तो दर वेळी चालवणार आणि दर वेळी ‘चेंज्ड’ म्हणणार. म्हणजे गळ्यात बांधलेली स्क्रिप्टच! तिला आपणच लगाम घालायचा. इन्स्टॉलर शेवटी एखादी फाइल तयार करत असेल, तर ‘ही फाइल असेल तर चालवू नकोस’ अशी अट टास्कला जोडता येते. फाइल तयार होत नसेल, तर आधी एका टास्कने डेटाबेसला विचारायचं, टेबल आहे का; उत्तर रजिस्टर करायचं, म्हणजे व्हेरिएबलमध्ये साठवायचं; आणि पुढचा टास्क त्या उत्तरावरून चालवायचा की नाही ते ठरवायचं. नुसती विचारणा करणाऱ्या टास्कला ‘याने काही बदलत नाही’ असंही लिहून द्यायचं, नाहीतर तोही ‘चेंज्ड’च्या आकड्यात भर घालतो.

‘स्क्रिप्ट’ नावाचंही एक मॉड्यूल आहे. आपली जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी समोरच्या सर्व्हरवर नेऊन ते चालवतं. वीस सर्व्हरवर एकदम पोचायला पहिल्या दिवशी ते उपयोगी पडतं. पण वर मोजलेले दोष एकावर होते, ते आता वीसांवर जातात.

८. हमखास अडकवणाऱ्या जागा

फोल्डर बदलणं. स्क्रिप्टमध्ये एकदा फोल्डर बदललं, की पुढच्या सगळ्या ओळी तिथूनच चालतात. अ‍ॅन्सिबलमध्ये दर टास्क स्वतंत्र चालतो, आधीच्या टास्कचा पत्ता त्याला ठाऊक नसतो. एक्सपोर्ट केलेल्या व्हेरिएबलचंही तेच. फोल्डर आणि एन्व्हायर्नमेंट त्या-त्या टास्कमध्ये सांगावी लागते.

परवानगीचा आकडा. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता. हा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे. पण यॅमलमध्ये अवतरणचिन्हाशिवाय, पुढे शून्य न देता ६४४ लिहिलं, तर तो दशमान आकडा ठरतो, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. परिणाम असा, की मालकाला स्वतःच्या फाइलीत लिहिता येतं पण वाचता येत नाही, आणि बाहेरच्याला वाचता येतं! म्हणून ‘०६४४’ नेहमी अवतरणचिन्हात लिहायचं.

ओळ शोधण्याचा नमुना. लाइनइनफाइलला दिलेला नमुना जुन्या आणि नव्या, दोन्ही रूपांना लागू पडायला हवा. फक्त # ने सुरू होणारी जुनी ओळ शोधली, तर पहिल्या खेपेला काम होतं. पुढे मूल्य बदलायची वेळ आली, की ती # ची ओळ उरलेलीच नसते. मग नवी ओळ फाइलीच्या शेवटी जोडली जाते. एसएसएच मात्र आधी सापडलेलं मूल्य धरतं, त्यामुळे बदल दिसतो पण लागू होत नाही.

पासवर्ड. स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलेला पासवर्ड प्लेबुकमध्येही उघडाच नेऊ नका. अ‍ॅन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये तो कुलूपबंद ठेवता येतो, आणि त्या टास्कचा तपशील स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये येऊ नये असंही सांगता येतं.

९. बदललेलं बरोबर आहे, हे कसं ओळखायचं?

पहिली पायरी म्हणजे चेक मोड. यात अ‍ॅन्सिबल काहीही न बदलता, काय बदललं असतं ते सांगतं. जोडीला डिफ मागितला, तर फाइलीतल्या कोणत्या ओळी बदलतील तेही दाखवतं. एक उणीव आहे : कमांड आणि शेलचे टास्क या फेरीत सहसा वगळले जातात, कारण ते चालवल्याशिवाय त्यांचा परिणाम अ‍ॅन्सिबलला कळत नाही. प्लेबुकमध्ये असे टास्क जितके कमी, तितकी ही फेरी खरी.

दुसरी पायरी एका कोऱ्या चाचणी-सर्व्हरवर. प्लेबुक चालवा. शेवटी हिशेब येतो : किती ओके, किती चेंज्ड, किती फेल्ड. मग हात न लावता लगेच पुन्हा चालवा. दुसऱ्या खेपेला चेंज्डचा आकडा शून्य आला पाहिजे. शून्य नसेल, तर जो टास्क पुन्हा ‘चेंज्ड’ म्हणतोय, तिथे अजून स्क्रिप्ट दडलेली आहे.

तिसरी पायरी मुद्दाम बिघडवण्याची. फोल्डरची मालकी बदला, क्रॉनची ओळ उडवा, आणि पुन्हा चालवा. फक्त तेवढेच दोन टास्क ‘चेंज्ड’ आले पाहिजेत. या तीन पायऱ्या पार झाल्या, की एक खरा सर्व्हर, मग बाकीचे. अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाच सर्व्हरवर काम करतं. हा आकडा वाढवता येतो, पण सुरुवातीला वाढवायची घाई नको.

१०. काय बदलायचं नाही

रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट स्वतः मात्र स्क्रिप्टच राहू द्यावी. डेटाबेस उतरवणं, फाइल दाबून लहान करणं, जुन्या फाइली काढणं ही रोज नव्याने करायची क्रिया आहे; तिथे ‘काय असायला हवं’ हा प्रश्न लागू पडत नाही. ती स्क्रिप्ट प्रत्येक सर्व्हरवर योग्य जागी, योग्य परवानगीने असावी आणि क्रॉनमध्ये तिची एकच नोंद असावी, एवढं अ‍ॅन्सिबलचं काम. एकदाच करायची आणि विसरायची कामंही तशीच सोडावीत.

सुरुवात कुठून करायची, याचा हिशेब त्यामुळे सोपा होतो. जी स्क्रिप्ट एकापेक्षा जास्त सर्व्हरवर आणि पुन्हा पुन्हा चालवावी लागते, ती आधी घ्या. तिच्यातली >> ची चिन्हं आणि ‘सेड’च्या ओळी शोधा, दुसऱ्या खेपेचा गोंधळ बहुतेक तिथेच असतो. त्या ओळी आधी टास्कमध्ये घ्या, उरलेली स्क्रिप्ट तात्पुरती तशीच चालू द्या, आणि दर आठवड्याला तिच्यातली एखादी ओळ कमी करत जा.